जाणे हे क्रियापद

दुआर्ननेच्या मासळीबाजारावर, लोखंडी जिना चढून,
मंगळवारी साडेसहाला वर्ग भरतो.
खाली कुणी बर्फ फोडतंय.
फळ्यावर सोआझिगबाईंच्या हातचं एकच क्रियापद: जाणे.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी सार्डिनची डोकी उडवली
डब्यांच्या कारखान्यात. अजून बोलताना
अंगठा तर्जनीवरून तसाच सरकतो,
जणू शब्दाच्याही पोटातलं काही काढून टाकायचंय.

"सोपं आहे. उद्याचं सांगायचं,
तर आधी 'मी जाते' म्हणा.
मग काम ठेवा पुढ्यात, अख्खं,
न कापता, न वाकवता.
ज व्हे मांजे. मी जाते जेवणे.
म्हणजे जेवणार आहे, आत्ताच, पाणी उकळतंय."

आणि दूरचं?
"त्याला वेगळे प्रत्यय. ते नाताळनंतर.
हा काळ इथून दिसणाऱ्या गोष्टींचा."

आमच्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत.
चुकून म्हटलंच, तर मावशी पुन्हा पाटावर बसवायची,
घोटभर पाणी, आणि मग: आता म्हण, येते.
इथं तर प्रत्येक उद्याच्या तोंडाशी
तोच शब्द, उंबऱ्यावर उलट्या पडलेल्या चपलेसारखा.
मी वहीत लिहिताना त्याच्याभोवती जागा सोडली.

मग सगळ्यांनी मिळून घोकलं:
ज व्हे,
त्यू व्हा,
एल व्हा,
नू झालों
आणि मला हसू फुटलं.
व्हा म्हणता म्हणता झालो!
अजून काहीच घडलं नाही, कागद यायचेत, खोली मिळायचीय,
आणि आम्ही सगळे बाकांवर बसल्या बसल्या
झालो.
व्हू झाले. तुम्हीही झाले.
बाईंना वाटलं, मी कुणाच्या उच्चाराला हसले.

प्रत्येकाला एकेक वाक्य.
इब्राहिमा सोरी पहाटे चारला खेकड्यांच्या बोटीवर जाणार होता,
त्याला शब्द कमी पडला नाही, हात मात्र लपवले.
नर्गिझानं पोटावर तळवा ठेवला. वाक्य पुरं करायची गरज नव्हती,
बाईंनी तरी करून घेतलं, दोनदा.

तेस्फालेम उभा राहिला.
कोटाच्या खिशातून प्रीफेक्चरचं पाकीट डोकावत होतं,
न फोडलेलं.
"ज व्हे न पा पार्तीर."
मी इथून निघणार नाही.

"नकार निघण्याला नाही लावायचा," बाई म्हणाल्या,
"जाण्याला लावायचा. दोन्ही बाजूंनी धरायचं त्याला.
ज न व्हे पा. पार्तीरला हात लावू नकोस."

न व्हे. मला नव्हे ऐकू आलं.
तो म्हणत राहिला, नव्हे, नव्हे,
अकरा वेळा, मी मोजलं.
आणि निघणे, ज्याला कुणी हात लावला नव्हता,
फळ्याच्या कडेला तसंच मोकळं उभं राहिलं.

काल बाई वीस मिनिटं उशिरा आल्या, कँपेरच्या इस्पितळातून.
कोट काढला नाही. उदाहरण म्हणून लिहायला घेतलं:
मा मेर व्हा
आणि खडू तिथंच टेकून राहिला.
वर्ग वाट बघत होता. वाक्य अर्धं होतं,
पुढचं क्रियापद यायचं होतं,
नर्गिझा पेन उचलून तयार.

माझी आई जाते.

माझ्या भाषेत ते वाक्य पुरं होतं.
मी एकटीच होते तिथं,
जिला आणखी काही लिहून घ्यायचं नव्हतं.

बाईंनी ओळ पुसली. दुसरी लिहिली,
पाव आणण्याबद्दल काहीतरी.

आठला बर्फाचा आवाज थांबला.
दारात, वही काखेत, माझ्या तोंडून गेलं:
येते.
"हा कुठला काळ?"
वर्तमान, मी म्हणाले. जाताना वापरतात.
त्या बघत राहिल्या. अंगठा तर्जनीवरून सरकला,
यावेळी काही न काढता.
"चूक आहे," म्हणाल्या.
"फळ्यावर लिही."